बोरघाट, दोन मोटारी आणि ऊर्जेचा हिशेब

दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात २०१२ साली 'अवंती' ही दोन दारांची, बुटकी, देखणी मोटार पाहायला गर्दी झाली होती. मुंबईचे दिलीप छाब्रिया यांनी तिचा आराखडा केला होता. तिचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे २५० अश्वशक्तीचे होते. टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' ही छोटी, उंच बांध्याची विजेची मोटार २०२० साली आली. तिची मोटर सुमारे १२९ अश्वशक्तीची आणि बॅटरी ३०.२ युनिटांची होती. (१ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, अर्थात ३.६ मेगाज्यूल.)

या दोघींना मावळातल्या परंदवडीहून खोपोलीला नेऊन परत आणू. सोयीसाठी माणसांसह प्रत्येकीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरू. घाटाची उंची सुमारे ५५० मीटर. घर्षण व हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू.

चढण्यासाठी लागणारी ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = १६०० × ९.८ × ५५० = सुमारे ८.६ मेगाज्यूल, म्हणजे २.४ युनिट. ही दोघींना सारखीच लागते. अश्वशक्ती जास्त असली तर मोटार लवकर वर पोचेल, इतकेच.

फरक पडतो तो कार्यक्षमतेत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. तिचा साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून चढाला सुमारे १.१ लिटर पेट्रोल जळते आणि २.५ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेच्या मोटारीत बॅटरीतली ८५ टक्के ऊर्जा चाकांना मिळते असे धरले, तर २.८ युनिट पुरतात. चार्जिंगमधली घट धरून ३.१ युनिट. आपली बरीचशी वीज कोळशाची आहे. युनिटमागे ०.७ किलो धरल्यास २.२ किलो. म्हणजे नुसत्या चढाचा विचार केला तर फरक थोडाच!

खरा फरक उतारावर दिसतो. पेट्रोल मोटारीची स्थितिज ऊर्जा ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाच्या रोधात संपते. विजेच्या मोटारीची मोटर उतारावर जनित्र बनते. २.४ युनिटांपैकी निम्मी जरी बॅटरीत परतली, तरी खर्च १.६ युनिटांवर येतो आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे सव्वा किलोवर. मात्र परंदवडीहून बॅटरी पूर्ण भरून निघालो, तर परतणारी ऊर्जा साठवायला जागाच राहत नाही!

ही युक्ती या घाटाला नवी नाही. १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे मार्ग विजेवर आला, तेव्हाची 'क्रोकोडाइल' इंजिने उतारावर वीज परत तारेत सोडत. आणि १९१५ पासून लोणावळा, वळवण, शिरोता तलावांचे पाणी याच उंचीवरून उतरून खोपोलीला वीज देते आहे.

सपाट द्रुतगती मार्गावर हिशेब बदलतो. तिथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि बुटक्या, निमुळत्या मोटारीला आकाराचा फायदा मिळतो. मग देखणेपण नुसते दिखाऊ राहत नाही.

वर्गात हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. कार्यक्षमतेचे आकडे अंदाजी आहेत. ते बदलून पाहावेत. वीज सौर असेल तर? मोटारीत एकच माणूस असेल तर? आणि त्याच घाटातून शेकडो प्रवासी नेणाऱ्या रेल्वेगाडीचा माणशी खर्च किती?