होडीवरचं नाव आणि कागदावरचं नाव



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की डागडुजी, मग रंग आणि सगळ्यात शेवटी नाव. मिरकरवाड्याच्या मोठ्या बोटींना नाव घालायला रंगारी येतो. आपल्या परसात सुताराकडून बांधून घेतलेल्या लहान होडीला घरातलंच कुणी ब्रश लावतं. रांगोळीवर हात बसलेल्या बाईला हे काम अवघड नाही.

आधी लाकूड कोरडं हवं. आत ओल राहिली की रंग फुगतो आणि पोपडे निघतात, म्हणून दोन-तीन दिवसांची उघडीप बघा. पॉलिशपेपर मारून धूळ पुसा, प्रायमर द्या, मग ऑइलपेंटचा पट्टा. तो रात्रभर वाळू द्या. गडद पट्ट्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर लांबून वाचता येतं.

आता खडू लावलेली दोरी ताणून दोन रेघा उठवा, वरची शिरोरेघेची आणि खालची अक्षराच्या पायाची. वेलांटी-मात्रेला वर आणि उकाराला खाली जागा सोडा. बहुतेकींची चूक इथेच होते. दुसरं म्हणजे नाळेकडे फळी वळते, तिथलं अक्षर बाजूने बघताना चिंचोळं दिसतं. ते थोडं रुंद काढा. खडूने लिहून वीस पावलं मागे जा, बघा, नाही पटलं तर पुसा. खडू स्वस्त आहे, पेंट नाही.

नोंदणी क्रमांक नाळेच्या दोन्ही बाजूंना येतो. तो आठवणीने लिहू नका, प्रमाणपत्र समोर ठेवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आले होते. तेव्हापासून समुद्रात तपासणी कडक झाली आहे. एक आकडा चुकला तर खोळंबा आपलाच.

आणि प्रमाणपत्र काढलंच आहे, तर मालकाचं नावही वाचा. आमच्या गटातल्या एका ताईंच्या होडीवर हातभर अक्षरात त्यांचंच नाव होतं. नवरा गेल्यावर इंजिनाच्या कर्जासाठी त्या कागद घेऊन गेल्या, तर मालक म्हणून दिराचं नाव निघालं. पैसे दोघा नवराबायकोंनी घातले होते. होडी दिराकडे गेली, त्यांचं नाव मिरवत.

२०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला लाभार्थीला मंजूर खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं, सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला ४० टक्के. अर्ज मात्र बाईच्याच नावाने लागतो. नवी होडी बांधायला घेताना हे घरात आधी बोला, लाकूड आणल्यावर नाही.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे होडी आहे त्यांनी नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणा. एकत्र बसून वाचू. खडू आणि दोरी मी आणते.