एका जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एखादें देवालय किंवा नदीचा घाट उभा राहतो. पूर्वजांनीं श्रमानें उभारलेलें आपल्या हयातींत पडूं द्यावयाचें नाहीं, ही त्या शब्दांतील भावना होय. तोच शब्द एका चाळीस वर्षांच्या मोटारीच्या इंजिनास लावण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असें आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें.

त्याचें असें झालें. आमचा पुतण्या जर्मनींत ब्राउनश्वाइग येथें नोकरीस आहे. त्यानें तेथें १९८३ सालची गोल्फ जीटीआय नांवाची मोटार विकत घेतली, ती निळा धूर ओकूं लागली, आणि आतां तिच्या इंजिनाचे तुकडे त्याच्या गॅरेजांत मांडलेले आहेत, हें वर्तमान पुण्यास पोंचलें. आमचे ज्येष्ठ बंधु बँकेंतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, इकडे वाड्याचें छप्पर गळत असतां मुलानें परदेशांत भंगारावर पैसा घालावा, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? आम्ही तीन महिन्यांसाठीं त्याच्याकडे जाणारच होतों. तेव्हां त्याची समजूत घालण्याची कामगिरी आमच्याकडे आली. ती कशी निष्फळ झाली, तें येथें निवेदन करतों.

प्रथम या गाडीचें कुळ सांगितलें पाहिजे. फोक्सवागन कंपनीनें १९७४ सालीं गोल्फ ही लहान मोटार काढली. मागचें दार कांचेसह वर उचललें जातें अशा या घाटाच्या गाडीस हॅचबॅक म्हणतात. कंपनींतील कांहीं अभियंत्यांनीं आपल्या हौसेनें तिचा एक चपळ प्रकार तयार केला. सप्टेंबर १९७५ मध्यें फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत तो लोकांपुढें आला व १९७६ पासून विकला जाऊं लागला. पांच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या! प्रारंभीं इंजिन १५८८ घनसेंटिमीटरचें व ११० अश्वशक्तीचें होतें. १९८२ पासून तें १७८१ घनसेंटिमीटरचें व ११२ अश्वशक्तीचें झालें. गाडी वजनानें हलकी, म्हणून एवढी शक्ति तिला पुरून उरे. घरच्या बाजारहाटाची गाडी मोकळ्या रस्त्यावर शर्यतीच्या गाडीशीं स्पर्धा करते, हें लोकांस भावलें, आणि अशा गाड्यांस ‘हॉट हॅच’ हें नांव पडलें.

आमच्या पुतण्याची पहिली चूक त्यानें स्वतःच आम्हांस सांगितली. गाडीचा जोर कमी वाटतांच कोणा स्नेह्याच्या सांगण्यावरून त्यानें तिला शर्यतीच्या धाटणीचा कॅमशाफ्ट बसविला. इंजिनाच्या झडपा उघडणारा हा दंड. शर्यतीच्या दंडानें झडपा अधिक वेळ उघड्या राहतात व वेगांत जोर वाढतो. परंतु या गाडीस पेट्रोल पुरविणारी बॉश कंपनीची के-जेट्रॉनिक ही योजना मोठी नाजूक आहे. आंत येणारी हवा एक वाटोळी चकती उचलते, आणि चकती जितकी उचलली जाईल तितकें पेट्रोल सिलिंडरांकडे जातें. नव्या दंडामुळें मंद गतींत हवेचे झोत उलट फिरूं लागले, चकती थरथरूं लागली व इंजिन धापा टाकूं लागलें. धूर तर होताच. “काका, मीं आजारी माणसास तालमींत धाडलें,” असें तो म्हणाला. हें वाक्य ऐकतांच आमच्या उपदेशाचा निम्मा भाग गळून पडला.

मग त्यानें जें प्रथम करावयाचें तें केलें, म्हणजे मोजलें. प्रत्येक सिलिंडरांतील दाब मापकानें पाहिला. पहिल्यांत साडेदहा बार, दुसऱ्यांत व चौथ्यांत दहा, आणि तिसऱ्यांत अवघा साडेसहा. तिसऱ्यांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजतांच दाब वाढला. तेलानें दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा सिलिंडरच्या भिंतीचा, न वाढला तर बहुधा झडपांचा, असा हा निदानाचा मार्ग आहे. आमच्या ओळखीचे एक वैद्यराज नाडीवरून याहून अधिक कांहीं सांगत असत असें वाटत नाहीं!

आम्ही गेलों तेव्हां इंजिन उघडलेलें होतें. प्रत्येक सिलिंडरचा व्यास वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं, असा सहा वेळां मोजावयाचा. मूळ माप ८१.०१ मिलिमीटर. तिसरा सिलिंडर बराच झिजला होता. आम्हांस वाटलें, झिजला तेवढाच तासावा. परंतु एकच मोठा केला तर चौघांचा तोल राहत नाहीं; म्हणून चारही सिलिंडर ८१.२६ पर्यंत तासून घेतले आणि चारही पिस्टन त्या मापाचे नवे आणले. पिस्टन व भिंत यांमध्यें फट केवळ ०.०३ मिलिमीटर. एकत्र कुटुंबांत एकाची झीज चौघांनीं वांटून घेणें आम्हीं पाहिलें आहे. लोखंडांतही तोच न्याय निघाला.

पुढील सहा आठवडे आम्ही त्याचे लेखनिक झालों. तो मापें सांगे, आम्ही वहींत टिपीत असूं. रिंगांच्या टोकांमधील फट ०.३० ते ०.४५ मिलिमीटर. हेडचे बोल्ट दर वेळीं नवे. ते मधून कडेकडे आंवळीत जावयाचे, प्रथम ४० न्यूटनमीटर, मग ६०, आणि शेवटीं अर्धा फेरा. झडपांची मोकळीक गरम इंजिनावर आंतल्या झडपेस ०.२० ते ०.३० व बाहेरच्या झडपेस ०.४० ते ०.५०, कारण बाहेरची झडप जळत्या वायूनें अधिक तापते व अधिक वाढते. दांत्यांचा पट्टा अंगठा व तर्जनी यांमध्यें धरून पिळावा. तो पाव फेरा वळला म्हणजे ताण बरोबर. आयुष्यभर आम्हीं विद्यार्थ्यांकडून वृत्तांतील मात्रा मोजून घेतल्या. एक मात्रा चुकली तर सारा चरण लंगडतो, हें त्यांस पटविणें आम्हांस कधीं साधलें नाहीं. या गॅरेजांत तें एका तासांत साधलें असतें!

शर्यतीचा दंड काढून मूळचा परत बसविला. इंजिन चालू करण्यापूर्वीं तेलाचा पंप विजेच्या ड्रिलनें फिरवून सर्व बेअरिंगांस तेल पोंचविलें. कारण कोरडें फिरलेलें इंजिन पहिल्या मिनिटांतच दुखावतें. त्यानंतर सूर लावणें. त्याचाही क्रम आहे: प्रथम झडपा, मग ठिणगीची वेळ, आणि अखेरीस हवा व पेट्रोल यांचें मिश्रण. मिश्रणाचा स्क्रू तीन मिलिमीटरच्या किल्लीनें केसभर फिरवावयाचा, थांबावयाचें, धुराचें माप पाहावयाचें, व पुन्हां केसभर. तंबोऱ्याची तार लावणारे हात असेच थांबतात. मूळ दोष झांकण्यासाठीं हाच स्क्रू प्रथम पिळणारे पुष्कळ असतात; तशांच्या गाड्या महिन्याभरांत पुन्हां गॅरेजांत येतात.

अखेरीस चारही सिलिंडरांचा दाब साडेअकरा ते बारा बार भरला. आम्ही येण्याच्या आदल्या दिवशीं त्यानें आम्हांस गाडींत बसवून गांवाबाहेर नेलें. मात्र वेग मुळींच वाढविला नाहीं. नव्या रिंगा भिंतीशीं मिळूं देण्यासाठीं पहिले दीड हजार किलोमीटर सबुरीनें चालवावयाचें, असा त्याचा नेम होता. ज्या मुलानें आरंभीं शर्यतीचा दंड बसविला, तोच आतां गाडीस जपत होता. आम्हांस याहून अधिक कांहीं पाहावयाचें नव्हतें.

पुण्यास परतल्यावर आम्हीं दादांपुढें बाजू मांडली नाहीं. ती टिपणवही मात्र त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून आंकडे वाचीत गेले. बऱ्याच वेळानें मान वर करून त्यांनीं विचारलें, “आतां तिसऱ्याचा दाब किती?” आम्हीं सांगितला. ते कांहींच बोलले नाहींत.

छपराचे पैसे मुलाकडून त्याच महिन्यांत आले. सुतार आला, तेव्हां नवे वासे आणण्याची त्याची घाई दादांनीं चालूं दिली नाहीं. प्रथम प्रत्येक वासा ठोकून पाहावयास लावलें, आणि स्वतः खालीं खुर्ची टाकून ते वहींत टिपीत बसले.