घडीचा रॅम्प लांब का असतो?

उज्जैनच्या देवास गेट भागात एखाद्या दुकानाच्या पायरीपाशी व्हीलचेअर अडली, की कोणीतरी फळी शोधून आणते. फळी टाकली की रॅम्प झाला, असा समज सगळीकडेच आहे. हेतू चांगला असतो. घोटाळा उताराचा असतो.

रॅम्प म्हणजे ठरावीक चढप्रमाण (उंची आणि आडवे अंतर यांचे गुणोत्तर) राखणारा उतार. ते साधारण १:१२ धरतात. १५ सेंमीच्या एका पायरीला १.८ मीटर, तशा तीन पायऱ्यांना ५.४ मीटर! घाटरस्ता वळणे घेत चढतो तो याचसाठी: उंची तेवढीच, पण अंतर वाढले की जोर कमी लागतो. आखूड फळीवर खुर्ची मागे उलटू शकते.

उचलून नेण्याच्या रॅम्पची खरी कसरत इथेच आहे. लांबीबरोबर वजन वाढते, म्हणून ॲल्युमिनियम आणि घड्या. दोन सुट्या पट्ट्यांचा रॅम्प हलका पडतो, पण तो चारचाकी खुर्चीपुरताच. दिव्यांगांची हातांनी चालवायची तीनचाकी सायकल त्यावर चढत नाही. तिचे पुढचे एकुलते चाक नेमके मधल्या फटीत येते. तिला सलग पाटच लागतो.