दमलात की तापलात?

‘किती दमलात?’ या प्रश्नाचं उत्तर चक्क आकड्यात देता येतं. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक मोजपट्टी तयार केली. ती सुरू होते 6 पासून आणि संपते 20 वर. असे विचित्र आकडे का? कारण आकड्यापुढे शून्य लावलं की हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. निवांत बसलेल्या तरुणाचा आकडा 6, ठोके मिनिटाला साठाच्या आसपास. जीव तोडून पळणाऱ्याचा 20, ठोके दोनशेच्या घरात. वयाप्रमाणे आणि औषधांमुळे हे गणित थोडं हलतं, तरी हृदयरुग्णांना व्यायाम शिकवताना ही पट्टी आजही हाताशी असते.

पण हा आकडा फक्त पाय आणि फुप्फुसं ठरवत नाहीत. उकाडाही ठरवतो! गॅलोवे आणि मॉन या संशोधकांनी 1997 मध्ये याचा सुरेख पुरावा दिला. तेच सायकलस्वार, तेवढाच जोर, फक्त खोलीचं तापमान वेगळं. 11 अंशांना ते थकून थांबेपर्यंत सरासरी 93 मिनिटं टिकले. 31 अंशांना? जेमतेम 52! आणि 4 अंशांची कडक थंडी असो की 21 अंशांची सुखद हवा, दोन्हीकडे साधारण 81 मिनिटंच.

असं का होतं? स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं आणि तेच रक्त स्नायूंनाही हवं असतं. एका हृदयाला दोन घरं सांभाळावी लागतात, म्हणून ठोके वाढतात आणि तोच वेग जड वाटू लागतो.

घामाचंही एक गुपित आहे. घाम येण्यानं अंग थंड होत नाही, तो वाळण्यानं होतं. एक लिटर घामाची वाफ होताना अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते, पण जमिनीवर टपकलेला थेंब जवळजवळ फुकट गेला. दमट हवेत नेमकं हेच होतं. म्हणून तर मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असूनही पूर्ण अंतराचे धावपटू उजाडायच्या आत निघतात. जिममधला पंखाही चैनीचा नाही. रस्त्यावर धावताना अंगावर येणारा वारा ट्रेडमिलवर येतच नाही.

आता खरी चटपटीत गोष्ट. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात, 2012 मध्ये, सायकलस्वारांना 31 अंशांहून गरम, दमट खोलीत बसवलं आणि समोरच्या तापमापकावर मात्र 26 अंश दाखवले. त्यांच्या शरीराचं तापमानही थोडं कमी करून सांगितलं. एवढ्या थापेवर त्यांनी अर्ध्या तासात जवळजवळ थंड खोलीइतकंच अंतर कापलं! खरा आकडा कळलेल्या फेरीत मात्र ते मागे पडले होते.

पुदिनाही असाच फसवतो. त्यातलं मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना थेट चेतवतं. (मिरचीतलं कॅप्सेसिन याच रीतीनं उष्णतेच्या तंतूंना चेतवतं. या संवेदकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.) उन्हाळी हवेत मेंथॉलच्या पाण्यानं चूळ भरणारे सायकलस्वार जास्त वेळ टिकतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. शरीराचं तापमान मात्र तसूभरही उतरत नाही. इथे जपायलाच हवं. गार वाटणं आणि गार असणं यांतली तफावत जिवावर बेतू शकते. बर्फाचा चुरा घातलेलं पेय मात्र थापा मारत नाही, ते खरोखर आतून थंड करतं.

उष्णतेचा हिशेब चुकला की काय होतं, ते स्टॉकहोमनं 1912 च्या ऑलिंपिकमध्ये पाहिलं. तापत्या उन्हातल्या मॅरेथॉनमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. ऊन लागू नये म्हणून त्यानं अंगाला मेण चोपडलं होतं आणि त्यामुळे घामाची वाट अडली, असं सांगितलं जातं. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हानं बेजार होऊन मध्येच बाहेर पडला आणि आयोजकांना न कळवता मायदेशी परतला. स्वीडनने त्याला 1967 मध्ये बोलावून शर्यत पुरी करायला लावली. नोंदलेली वेळ 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस आणि वर काही तास!

एका शतकानंतरही उकाडा तेवढाच बलवान आहे. दोहा इथे 2019 च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी 68 पैकी 40 जणीच शेवटपर्यंत पोचल्या. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन तर थेट उत्तरेला सापोरोला हलवली.

आणि तरीही शरीर शिकतं, ही यातली सर्वांत दिलासा देणारी बाब. दहा-चौदा दिवस रोज उकाड्यात व्यायाम केला की घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो आणि ठोके खाली येतात. काल ज्या वेगाला तुम्ही 17 म्हणत होता, त्यालाच आता 14 म्हणाल. थंड मुलखातले जाणते धावपटू म्हणून उष्ण ठिकाणच्या शर्यतीला दोन आठवडे आधीच मुक्काम टाकतात. उकाड्याशी संबंध तुटला की ही कमाई काही आठवड्यांत ओसरते, मग पुन्हा पहिल्यापासून घाम गाळायचा.