ओहोटीच्या काळातील सूर

कलावंताच्या कीर्तीला ओहोटी लागली, की त्याची कलाही ओसरली असे समजून मोकळे होण्याची लोकरीत जुनी आहे. आयर्लंडचा गिटारवादक रॉरी गॅलहर आणि त्याची १९९० मधील ‘फ्रेश एव्हिडन्स’ ही ध्वनिमुद्रिका यांच्या वाट्याला नेमके हेच आले. वस्तुतः या ध्वनिमुद्रिकेकडे पाहिले म्हणजे ही समजूत किती उथळ आहे, हे ध्यानात येते.

सत्तरीच्या दशकात गॅलहरचे नाव युरोपभर गाजत होते. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला सर्वश्रेष्ठ गिटारवादकाचा कौल दिला होता. यादवीने होरपळलेल्या बेलफास्टकडे इतर कलावंत पाठ फिरवीत असताना तो मात्र तेथे नेमाने वाजवीत राहिला. १९७१ ते १९८२ या अवधीत त्याने नऊ स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यानंतरच्या तेरा वर्षांत अवघ्या दोन!

असे का व्हावे? १९८१ मध्ये ‘एमटीव्ही’ वाहिनी सुरू झाली आणि गाणे ऐकण्याइतकेच पाहण्याचीही वस्तू झाले. सिंथेसायझरच्या त्या युगात चौकडीचा सदरा घालून, रंग उडालेली गिटार वाजविणारा हा ब्लूजचा उपासक बाजाराला जुनाट वाटू लागला. त्यातच आजारपण, विमानप्रवासाची धास्ती, औषधे आणि मद्य यांनी त्याचे शरीर पोखरले. परंतु त्याच्या आग्रहीपणाचा वाटाही विसरून चालणार नाही. १९७८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत पुरे केलेले ध्वनिमुद्रण मनास न आल्याने त्याने चक्क कचऱ्याच्या पेटीत टाकले होते. ते प्रकाशात आले २०११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

असा माणूस मोठ्या कंपन्यांचा आधार सुटल्यावर काय करतो? गॅलहरने ‘कॅपो’ या स्वतःच्या नाममुद्रेखाली काम केले आणि तो आपल्या पूर्वसूरींकडे वळला. ‘फ्रेश एव्हिडन्स’मधील एक गीत लुईझियानाचा अकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनिए याला अर्पण केलेले आहे, एक शब्दाविना रचना ब्रिटिश ब्लूजचा अध्वर्यू ॲलेक्सिस कॉर्नर याच्या नावाची आहे, आणि सन हाऊस या ज्येष्ठ ब्लूज गायकाचे एक गीत त्याने नव्याने गायिले आहे. हे तिघेही १९८४ ते १९८८ या काळात निवर्तले होते. म्हणजे बाजार नव्या चेहऱ्यांच्या शोधात असताना हा कलावंत पितृऋण फेडीत बसला होता!

यावर कोणी म्हणेल, की हा उदात्ततेचा मुलामा झाला. श्रोते घटले हेच सत्य. घटले हे खरेच. शिवाय त्याच्या एकाकीपणाचा आणि व्याधीचा गौरव करण्याचेही कारण नाही. यकृत-प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीने १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये तो वारला, तेव्हा तो केवळ ४७ वर्षांचा होता. ‘फ्रेश एव्हिडन्स’ ही त्याची अखेरची स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका ठरली. तथापि श्रोत्यांची संख्या हा लोकप्रियतेचा हिशेब आहे, गुणवत्तेचा नव्हे, एवढा विवेक रसिकाने बाळगावयास हवा.

१९६३ मध्ये कॉर्क शहरातील दुकानातून त्याने घेतलेल्या सुमारे १०० पौंडांच्या गिटारला २०२४ च्या लंडनमधील लिलावात सुमारे ७ लाख पौंडांची बोली लागली आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. हा सन्मान उचितच होय. मात्र काचेआडच्या वाद्याला वंदन करून परतणाऱ्या रसिकाने त्या वाद्याचे अखेरच्या पर्वातील सूरही एकवार ऐकावेत. ते हयातीत ऐकले गेले असते, तर त्या कलावंताची अखेरची वर्षे कदाचित इतकी एकाकी गेली नसती.