दाट वीण, पण कापलेला तागा

टीव्हीच्या दुकानात हल्ली '४-के' किंवा अल्ट्रा हाय डेफिनिशन हा शब्द फार चालतो. आडवे ३८४० आणि उभे २१६० असे सुमारे ८३ लाख ठिपके; फुल एचडीच्या चौपट. कापडाच्या भाषेत, रीड आणि पिक दोन्ही दुप्पट. पण पडदा दाट असला म्हणून त्यावर दिसणारा माल दाट असतोच असे नाही. जुन्या विनोदी मालिकांच्या शौकिनाने हेच आधी तपासावे.

अमेरिकेची 'साइनफेल्ड' घ्या. १९८९ ते १९९८ या काळात तिचे १८० भाग झाले. तेव्हा तिथल्या टीव्हीवर चित्राच्या जेमतेम ४८० ओळी दिसत. चित्रण मात्र ३५ मि.मी. फिल्मवर झाले होते, म्हणून बारीक तपशील निगेटिव्हमध्ये शाबूत राहिला. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने ती ४-केमध्ये आणली. याउलट १९७१ ची 'ऑल इन द फॅमिली' व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली. तिच्यात जो धागा विणलाच गेला नाही तो नंतर कुठून येणार? यंत्र अंदाजाने भर घालते. झिरझिरीत कापडाला खळ देऊन जाड भासवण्याचाच हा प्रकार.

आता मापाचे पाहू. जुन्या टीव्हीची चौकट ४:३, आजची १६:९. रुंद पडदा भरावा म्हणून 'साइनफेल्ड'चे चित्र वर-खाली कापले गेले. १९९७ चा 'द पॉटहोल' हा भाग रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेला. त्यात दोघे मित्र वाकून खड्डा पाहतात, आणि या आवृत्तीत खड्डाच कापला गेला! असा माल कितीही दाट विणीचा असो, मी तरी त्याला अस्सल म्हणणार नाही. २०२४ च्या अखेरीस निघालेल्या ४-के डिस्क संचात मूळ ४:३ चौकट राखली आहे. बाजूला काळ्या पट्ट्या दिसतात, त्या दिसू द्याव्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून पडदा भरू नये, चेहरे पसरट होतात.

खर्चाचाही हिशेब करावा. नेटफ्लिक्सवर ४-के फक्त सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये मिळते, आणि इंटरनेटचा वेग १५ एमबीपीएस तरी लागतो. दुकानदार दाखवतो ती खास तयार केलेली चित्रफीत. तिच्यावर सौदा करू नये, आपली मालिका लावायला सांगावी. 'मोशन स्मूदिंग' चालू असेल तर तेही बंद करून पाहावे. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची असते. हे सेटिंग मध्ये बनावट चित्रे घुसवते.