जेम्स रसेल लॉवेल : कवी, समीक्षक आणि प्रबोधनाचा भार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन साहित्यात जेम्स रसेल लॉवेल (१८१९-१८९१) यांचे नाव लाँगफेलो, व्हिटिअर आणि होम्स यांच्या बरोबरीने घेतले जात असे. कुटुंबाने शेकोटीभोवती बसून ज्यांच्या कविता वाचाव्यात, असे हे कवी होते. विसाव्या शतकात मात्र लॉवेल यांची कीर्ती झपाट्याने ओसरली. कवितेने समाजाला बोध करावा की आपले कवितापण जपावे, हा प्रश्न लॉवेल यांना आयुष्यभर सोबत करीत राहिला. त्यांनी स्वतःच्या कवितेवर दिलेला निर्णय आणि काळाने दिलेला निर्णय एकच होता का, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण

लॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८१९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'एल्मवुड' या घरात झाला. वडील चार्ल्स लॉवेल हे धर्मोपदेशक होते. हार्वर्डमध्ये शिकत असताना लॉवेल यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि १८३८ मध्ये त्यांना काही काळ कॉन्कॉर्ड येथे पाठविण्यात आले. त्यांनी वर्गासाठी रचलेल्या दीर्घ कवितेत गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांचीही थट्टा होती. पुढे याच चळवळीचे ते प्रमुख साहित्यिक प्रवक्ते ठरले, ही बाब लक्षणीय आहे. या परिवर्तनामागे मारिया व्हाइट या कवयित्रीचा मोठा वाटा होता. त्या गुलामगिरीच्या कट्टर विरोधक होत्या. १८४४ च्या डिसेंबरमध्ये दोघांचा विवाह झाला.

लॉवेल यांनी १८४० मध्ये कायद्याची पदवी घेतली होती. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १८४३ मध्ये एका सहकाऱ्यासह त्यांनी 'द पायोनिअर' हे मासिक काढले. पो आणि हॉथॉर्न यांचे लेखन त्यात प्रसिद्ध झाले. तरीही तीन अंकांतच ते बंद पडले आणि संपादकांच्या माथी कर्ज आले.

१८४८ : कवी आणि समीक्षक समोरासमोर

१८४८ हे वर्ष लॉवेल यांच्या लेखनजीवनातील सर्वांत फलदायी वर्ष होय. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'अ फेबल फॉर क्रिटिक्स' या निनावी पद्यग्रंथात त्यांनी इमर्सन, ब्रायंट, पो, हॉथॉर्न आदी समकालीनांचे मिस्कील परीक्षण केले. त्यात त्यांनी स्वतःलाही वगळले नाही. नानाविध मतवादांचे ओझे पाठीवर घेऊन काव्यपर्वत चढू पाहणारा कवी, असे आत्मचित्र रेखाटून, गाणे आणि उपदेश यांतील फरक कळल्याखेरीज आपल्याला शिखर गाठता येणार नाही, असे त्यांनी सुचविले. मार्गारेट फुलर यांनी १८४६ मध्ये त्यांच्या कवितेवर कठोर टीका केली होती. लॉवेल यांनी या ग्रंथात फुलर यांचा उपहास केला खरा. परंतु आपल्या कवितेतील उणिवेची जाणीव त्यांना स्वतःलाही होती, हे या आत्मचित्रावरून दिसते.

त्याच वर्षी 'द बिग्लो पेपर्स' ग्रंथरूपाने आले. मेक्सिकोविरुद्धचे युद्ध (१८४६-४८) हे गुलामगिरीचा प्रदेश वाढविण्यासाठी आहे, अशी लॉवेल यांची धारणा होती. ती त्यांनी व्यासपीठावरील भाषेत न मांडता होझिया बिग्लो या तरुण शेतकऱ्याच्या तोंडी, न्यू इंग्लंडच्या ग्रामीण बोलीत मांडली. लॅटिनचा सोस असलेला धर्मोपदेशक होमर विल्बर त्यावर पंडिती टिपा लिहितो, तर सैन्यात भरती झालेला बर्डोफ्रीडम सॉइन अपंग होऊन परततो. येथेही बोध आहेच; पण तो पात्राच्या स्वभावातून आणि बोलीच्या ठसक्यातून येतो. यादवी युद्धाच्या काळात लिहिलेली दुसरी मालिका १८६७ मध्ये ग्रंथरूपाने आली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी या बोलीतील अनेक रूपे जुन्या इंग्रजीतूनच आलेली आहेत, असे साधार दाखविले. ज्या बोलीला अशुद्ध मानले जात होते, तिला त्यांनी इतिहास मिळवून दिला.

प्राध्यापक, संपादक आणि राजदूत

१८५३ मध्ये मारिया यांचे निधन झाले. चार अपत्यांपैकी मेबल ही एकच कन्या जगली होती. १८५५ मध्ये हार्वर्डमधील लाँगफेलो यांच्या अध्यासनावर लॉवेल यांची नियुक्ती झाली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या 'अटलांटिक मंथली'चे ते पहिले संपादक होते व १८६१ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. १८६४ पासून नॉर्टन यांच्यासह त्यांनी 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'चे संपादन केले. दान्ते, चॉसर, स्पेन्सर, ड्रायडन, कीट्स यांच्यावरील त्यांचे निबंध 'अमंग माय बुक्स' (१८७०, १८७६) आणि 'माय स्टडी विंडोज' (१८७१) या ग्रंथांत संगृहीत आहेत.

तथापि, समीक्षक म्हणून त्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. १८५८ मध्ये थोरो यांच्या लेखातील एक वाक्य त्यांनी संपादक या नात्याने गाळले, त्यावर थोरो यांनी तीव्र निषेध नोंदविला. १८६५ मध्ये त्यांनी थोरो यांच्यावर लिहिलेला निबंधही अनुदार आहे. अभिजात साहित्याचा हा मर्मज्ञ वाचक आपल्याच काळातील नव्या प्रतिभेसमोर अडखळला, असे म्हणावे लागते.

पुढे ते स्पेन (१८७७-८०) आणि ब्रिटन (१८८०-८५) येथे अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते. १२ ऑगस्ट १८९१ रोजी एल्मवुड येथेच त्यांचे निधन झाले.

समारोप

लॉवेल यांचा आत्मनिर्णय प्रमाण मानला, तर त्यांची उपदेशपर कविता सर्वांत आधी विस्मृतीत जावयास हवी होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. टेक्सासच्या विलीनीकरणाच्या पार्श्वभूमीवर १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द प्रेझेंट क्रायसिस' ही कविता उघडउघड आवाहनपर आहे. १९१० मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने ड्यू बॉइस यांच्या संपादकत्वाखाली मुखपत्र सुरू केले, तेव्हा त्याचे 'द क्रायसिस' हे नाव याच कवितेवरून घेण्यात आले. मार्टिन ल्यूथर किंग यांनीही आपल्या भाषणांतून तिच्या ओळींचा आधार घेतला.

यावरून कलेचे निकष निरर्थक ठरत नाहीत. 'द बिग्लो पेपर्स'चे कलात्मक श्रेष्ठत्व अबाधितच राहते. परंतु एखाद्या कवितेचे मोल केवळ तिच्या घडणीवरून ठरते की अन्यायग्रस्तांना ती कितपत उपयोगी पडते यावरूनही, हा प्रश्न त्यामुळे अधिक धारदार होतो. लॉवेल यांच्या कविता अभ्यासक्रमात शिकविताना त्यांच्यातील समीक्षकाचा निर्णय विद्यार्थ्यांसमोर अवश्य ठेवावा. मात्र तो अंतिम निर्णय म्हणून ठेवू नये, असे वाटते.